हरणासाठी पॉइंट टू-टू-थ्री पुरते का? भाचा विचारतोय

मुलुंडकर:
भाचा टेक्सासात असतो. तिथे परवाना काढून व्हाइट-टेल हरणाची रीतसर शिकार होते. (आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर विषय मिटला, त्यामुळे कुणी वनखात्याला फोन लावू नका.) पठ्ठ्याकडे पॉइंट टू-टू-थ्री रायफल (सुमारे ०.२२ इंच जाडीच्या गोळीची) आणि ५५ ग्रेनच्या गोळ्यांचा डबा आहे; ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. पण त्या गोळ्या कोयोटे (कोल्ह्यासारखा), प्रेरी डॉग (खारीच्या कुळातला) असल्या छोट्या जनावरांसाठी, आतल्या शिशावर धातूचं पातळ कवच असलेल्या. हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसली की वरच्यावर फुटते. जखम उथळ, आणि जनावर झाडीत शिरून तडफडत मरतं. पूर्ण कवचाची लष्करी गोळी फुलण्यासाठी (अंगात शिरून रुंद होण्यासाठी) घडवलेलीच नसते, कित्येक राज्यांत ती शिकारीला चालत नाही. मी म्हटलं, कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी राहू दे, गोळीची घडण बघ. ६० ते ७० ग्रेनची, शिसं कवचाला घट्ट जोडलेली बाँडेड घे, नाहीतर अख्खी तांब्याची. चुकलं का माझं?

रेंजवाला, वरळी:
अर्धं चुकलं. ७० ग्रेन म्हणजे साडेचार ग्रॅम, अर्धा तोळासुद्धा नाही! कितीही चांगली घडवा, वजन कुठून आणणार? हरीण ऐन वेळी एक पाऊल पुढे टाकतं, वारा सुटतो. कोलोरॅडोत हरणासाठी किमान पॉइंट टू-फोर (०.२४ इंच) कॅलिबर लागतं, ते उगाच नाही. पॉइंट टू-फोर-थ्री रायफल घ्यायला सांगा, १०० ग्रेनची गोळी.

मुलुंडकर:
मग स्कॉटलंडचं काय? तिथे रो हरणाला ५० ग्रेनची गोळी कायद्याने चालते. अट एवढीच की वेग आणि ऊर्जा पुरेशी हवी, आणि गोळी फुलणारी हवी.

रेंजवाला, वरळी:
अहो, रो हरीण वीस-पंचवीस किलोचं! व्हाइट-टेलचा नर त्याच्या सहज दुप्पट. बरं, नळीचे आटे (गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) विचारलेत का? बारा इंचांत एक फेरा असलेल्या जुन्या नळीला ७० ग्रेनची लांब गोळी सावरत नाही, ती हवेतच डगमगते. मग घडण घेऊन काय करायचं?

मुलुंडकर:
विचारलं. आठ इंचांत एक फेरा आहे. इतका अडाणी नाही हो मी.

सुलभा, दादर:
मला शिकारच पटत नाही, ते सोडा. पण मारणारच असाल तर तांब्याचीच घ्या. शिशाची गोळी फुटली की बारीक कण मटणात पसरतात आणि ते घरची पोरं खातात. मागे टाकलेली आतडी गिधाडं खातात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद आहे, तिथल्या काँडर गिधाडांना विषबाधा व्हायची म्हणून. आणि गंमत बघा, फुलणारी गोळी कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात गाजली, १८९९ला हेगमध्ये युद्धात ती नको असं ठरलं. इथे मात्र माणसावर जी चालवायची नाही तीच हरणासाठी दयेची!

रेंजवाला, वरळी:
ताई, दयेचीच. पटकन मरतं. तांब्याबद्दल माझी हरकत नाही, फक्त ती फुलायला वेग लागतो. लांबून मारली तर तशीच आरपार जाते. मुलुंडकर, भाचा किती अंतरावरून मारणार?

मुलुंडकर:
शंभर यार्डांच्या पलीकडे नाही, आणि हरणाची कूस समोर असेल तरच, असं म्हणतो.

रेंजवाला, वरळी:
लिहून घ्या त्याच्याकडून. आणि तरीही टू-फोर-थ्री.