फोर चॅनल अँप ब्रिज केला की प्रोटेक्टमध्ये जातोय

बेसवेडा:
मंडळी मदत करा. गाडीत फोर चॅनल अँप (अँप्लिफायर) टाकलाय, पुढचे दोन चॅनल दारातल्या स्पीकरला आणि मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, १२ इंची सबला (बेसच्या स्पीकरला). हळू आवाजात मस्त, पण जरा वाढवला आणि बेस आला की प्रोटेक्टचा (अँप स्वतःला वाचवायला बंद होतो त्याचा) लाल दिवा लागून सगळंच गप्प, दोन मिनिटांनी परत चालू. अँपवर २ ओहम स्टेबल (२ ओहमपर्यंतचा लोड झेलतो) लिहिलंय, सब ड्युअल कॉइल २-२ ओहमचा, दोन्ही कॉइल प्लसला प्लस, मायनसला मायनस अशा जोडल्यात. घोडं कुठे पेंड खातंय?

गप्पबस:
गेन फुल्ल ठेवलाय ना? गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे रे, हेडयुनिटच्या (गाडीतल्या स्टिरिओच्या) सिग्नलशी अँप जुळवायला असतो तो.

तारजोड्या:
गेन नंतर बघू, आधी जोडणी चुकलीये. २-२ च्या कॉइल तू जोडल्यास तशा पॅरलल केल्या की १ ओहम होतो, आणि ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला लोड निम्मा दिसतो, म्हणजे अर्धा ओहम! अँप बिचारा जीव वाचवतोय. अँपवरचं २ ओहम हे एकेका चॅनलसाठी असतं, ब्रिजला कमीत कमी ४ लागतात. सिरीज कर: पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला, उरलेल्या दोन वायरी अँपला. जोडायच्या आधी मल्टिमीटर लाव, साडेतीनच्या आसपास दाखवेल, ४ नाही दिसले म्हणून घाबरू नको, मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो.

बेसवेडा:
दादा, ३.६ आले! अर्धा तास ठोकून वाजवला, दिवा लागला नाही. दारांना ८० हर्ट्झचा हायपास (त्याखालचा बेस अडवणारा फिल्टर) पण लावला, आता दारं थरथरत नाहीत. फक्त ॲक्सिलरेटर दिला की बारीक शिट्टी येते.

तारजोड्या:
अल्टरनेटरची शिट्टी ती. अर्थ कुठे घेतलाय? रंगावरच बोल्ट आवळला असशील तर रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घे, वायर आखूड ठेव. आरसीए (हेडयुनिटकडून अँपला सिग्नल नेणारी वायर) पॉवर वायरच्या शेजारून ओढली असेल तर दुसऱ्या बाजूने ने.

गप्पबस:
आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे ना? अँपवरचा फ्यूज अँपपुरता, मधे वायर घासून बॉडीला टेकली तर तो काही करणार नाही.

बेसवेडा:
नाहीये 😬 आत्ता बॅटरीची वायर काढून ठेवली.