बेबिंका २४ला नको, आधीच उरकून टाका

नाताळच्या तयारीच्या या चर्चेत वर कुणीतरी बेबिंका (गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ) विकतच आणा म्हटलंय कारण २४ डिसेंबरला वेळच नसतो, पण ती २४ला करायचीच कशाला? फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात टिकते, उलट एक दिवस मुरली की कापायला सोपी जाते. नारळाचं दूध, अंड्याचे बलक, साखर, मैदा, तूप, जायफळ, बस. थर किमान ७ तरी हवेत, १६ वाले हौशी वेगळे :) प्रत्येक थरावर तूप घालून वरची आच लावायची, म्हणजे ओव्हनचं ग्रिल, खालून तापवलं तर आधीचे थर जळतात. अंड्यांच्या उरलेल्या पांढऱ्याचे मॅकरून होतात.

आणि सजावटीत सगळे लाइट्स आणि रिबिनीवरच बोलताय, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी प्लास्टिकचं गवत मात्र आणू नका प्लीज, १३-१४ तारखेला नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आले की ट्रेमधल्या मातीवर दाट पसरायची, रोज पाणी शिंपडायचं, नाताळपर्यंत मस्त हिरवंगार होतं, गोव्यात कितीतरी घरी असंच करतात. फक्त पाणी साचू देऊ नका, बुरशी येते आणि मग सगळा ट्रे फेकावा लागतो.