बी-२०३ चे नाना : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी : मंडळी, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ परवापासून भरपूर झाल्यात, सगळ्यांच्या भावना पोचल्या. आता सूचना. नानांचा दशक्रिया विधी रविवारी सकाळी ८ वाजता आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर. येणाऱ्यांनी नावं टाका, गाड्या ठरवायच्या आहेत.

ए-४०३ : मी आणि हे, दोघं येतोय. पण सेक्रेटरीसाहेब, दोन शब्द लिहू द्या की. हात जोडलेल्या चित्रांत नाना कुठे आले? माझं रिव्हर्स अजून कच्चं. जिन्याच्या आणि खांबाच्या मधे गाडी घालायची म्हणजे घाम फुटायचा. नाना खुर्चीवरून उठून मागे जाऊन उभे राहायचे. “ताई, आरसा सोडा, माझी थाप ऐका.” डिकीवर दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक थाप म्हणजे जागेवर थांबा. एकदाही घासली नाही गाडी.

बी-२०३ (मुलगा) : ती किन्नरची, म्हणजे ट्रकवरच्या क्लीनरची भाषा, ताई. ड्रायव्हर व्हायच्या आधी नाना किन्नरच होते. उस्तादाला पाना द्यायचा, ताडपत्रीचा रस्सा आवळायचा, चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावायचा. पहिली गाडी मिळाली ती मर्सिडीजचा तारा असलेली.

सी-१०२ : मर्सिडीज?? म्हणजे ते खरं होतं होय! आमच्या चिरंजीवांना ते सांगायचे, ‘मी मर्सिडीजवर शिकलो.’ पोरगं मला विचारतंय, मग आपल्याकडे का नाही.

बी-२०३ (मुलगा) : टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे ट्रक मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने निघायचे, १९५४ पासून १९६९ पर्यंत. त्या गाड्या पुढेही कितीतरी वर्षं रस्त्यावर होत्या. नानांना तसली एक जुनी मिळाली.

डी-३०१ : ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला ना, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली होती. म्हणाले, “आमच्या केबिनमध्ये इंजिन असायचं. झाकणावर भाकरी गरम व्हायची.” मग जरा थांबून म्हणाले, “बरं झालं पण. पोरांचे डोळे मिटणार नाहीत.”

सी-४०१ : राग मानू नका, पण देवमाणूस नका करू त्यांना. पार्किंगमध्ये चारचौघांत मला ‘शिकाऊ’ म्हणाले होते. बरेच दिवस बोललो नव्हतो मी.

ए-४०३ : तुमची गाडी फायर ब्रिगेडच्या वाटेत लावलेली होती.

सी-४०१ : हो, ते मान्य. तरी शिकाऊ काय?

बी-२०३ (मुलगा) : 😄 दादा, आम्ही तर त्याहून वाईट ऐकलंय. आणि देवमाणूस नव्हतेच. आम्ही लहान असताना ते घरी असायचे कुठे? पुणे-बंगळूर, नाहीतर लासलगावचा कांदा वाशीला. मुंबईच्या जकात नाक्यावर रात्रच्या रात्र रांगेत. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी खंबाटकीत अडकलेले. तेव्हा बोगदा नव्हता, जाणारे-येणारे एकाच घाटात, एक गाडी बंद पडली की दोन्ही बाजूंना रांग. माझा राग होता त्यांच्यावर, लपवत नाही. दृष्टी कमी झाली तेव्हा हेवीचं लायसन रिन्यू केलं नाही, हीच त्यांची रिटायरमेंट. पेन्शन ना फंड. त्याच वर्षी आमची मुलगी बालवाडीत गेली, आणि नानांनी हिच्याकडून वेणी घालायला शिकून घेतली.

बी-२०३ (नात) : वेणी कसली, ताडपत्रीची गाठ होती ती! दिवसभर सुटायची नाही. संध्याकाळी आई सोडवत बसायची आणि मी रडायचे. शाळेच्या बसपाशी मात्र नाना कायम दहा मिनिटं आधी. ड्रायव्हरकाकांना खाली उतरवून टायर दाखवायचे, “गोटा झालाय, मालकाला सांग.”

गाडीही त्यांनीच शिकवली. लोणावळ्याहून खोपोलीकडे, जुन्या घाटाने. “ज्या गिअरला चढते त्याच गिअरला उतरव.” सारखा ब्रेक दाबत राहिलं की लायनर तापतात, मग पेडल दाबून काही होत नाही. उतारावर न्यूट्रल केली तर कानाखाली बसेल, हे आधीच सांगून ठेवलेलं. शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी हळू करायला लावली आणि खिडकीतून नाणं टाकलं. धनगर शिंग्रोबाने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात, ते मला तिथेच कळलं. मी म्हटलं, यूपीआय चालेल का? हसले नाहीत. २००२ ला एक्सप्रेसवे पूर्ण झाला तरी गाडी रिकामी असली की ते जुन्याच घाटाने यायचे. टोल वाचतो म्हणायचे. आम्हाला माहीत होतं कशासाठी ते.

बी-१०१ : टँकर आलाय, रिव्हर्स घेतोय. खाली कोणी आहे का? वॉचमन पंपावर गेलाय.

सी-४०१ : मी उतरतो.

चेअरमन : उशिरा लिहितोय, क्षमस्व. नानांच्या नावाने गेटपाशी एक बाक ठेवावा अशी सूचना आली आहे. सर्वांचे मत कळवा.

बी-२०३ (मुलगा) : बाक नको, काका. बसून राहणं त्यांना कधी जमलं? गेटच्या वळणावर बहिर्गोल आरसा लावा म्हणून तीन मीटिंगा मागे लागले होते. तेवढा लावा. नाव-पाटी काही नको.

ए-४०३ : शंभर टक्के. शाळेच्या वेळी त्या वळणावर सायकली आणि गाड्या समोरासमोर येतात.

डी-३०१ : तिन्ही वेळा ‘पुढच्या मीटिंगमध्ये बघू’ कोण म्हणालं, ते इतिवृत्तात आहे.

सेक्रेटरी : मीच म्हणालो. किरकोळ दुरुस्तीच्या पैशांत बसतो, सोमवारी मागवतो.

सी-४०१ : टँकर नीट जागेवर लागला. दोन थापा, एक थाप, सगळं केलं. टँकरवाला विचारत होता, बाबा कुठायत. सांगितलं. तो पण रविवारी येतो म्हणाला, त्याला वेळ कळवा.

सेक्रेटरी : कळवतो. आत्तापर्यंत १४ नावं झाली. एक गाडी कमी पडतेय.

बी-२०३ (नात) : नानांची मी काढते, माझ्याशिवाय चौघं बसतील. सातला निघू, स्पाइन रोडने मोशीवरून.

ए-४०३ : मी पुढे बसणार हं. मागे मला मळमळतं.