अनुभव धागा: मिशनरी घरातले परदेशातील दिवस

उत्तरवारा

गेल्या आठवड्यात माळा आवरताना माझी पत्र्याची पेटी सापडली. झाकणावर आईने पांढऱ्या रंगाने लिहिलेला ३७ हा आकडा अजून वाचता येतो. निवासी शाळेतला तो माझा क्रमांक होता आणि प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला आई तोच लाल दोऱ्याने भरत असे.

माझे आईवडील केनियाच्या उत्तरेला, तुर्काना भागात लोडवारजवळ मिशनच्या दवाखान्यात काम करीत होते. शाळा दक्षिणेकडच्या डोंगरात, गाडीने दोन दिवसांच्या वाटेवर होती. तीन महिने शाळा आणि एक महिना घर हा क्रम मी सातव्या वर्षापासून पाळला. घराचे दार दिवसभर उघडे असे. बाहेरून ‘होदी’ (आत येऊ का?) अशी स्वाहिली हाक आली की जेवण अर्ध्यावर असले तरी ‘करिबू’ (या) म्हणून उठायचे, हा नियम होता. रॉकेलवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये लशी ठेवलेल्या असत, म्हणून त्या उन्हातही गार पाणी मागायची आम्हाला मुभा नव्हती.

पेटी भरण्याच्या रात्री आई रडत नसे. मात्र घरची प्रार्थना नेहमीपेक्षा लांबे, आणि दिवसभर स्वाहिलीत बोलणारी आई त्या रात्री मराठीतच प्रार्थना करीत असे. शेवटी आम्ही बायबलमधले, देवाला मेंढपाळ म्हणणारे स्तोत्र म्हणत असू. तुर्काना मुलांना शेळ्या राखताना मी रोज पाहत होतो आणि राखणारा कळपाला सोडून जात नाही, एवढे मला कळत होते. मग आई मला का पाठवते, हे मी तिला कधीच विचारले नाही.

आपल्यापैकी जे अशा घरात वाढले किंवा ज्यांनी असे घर चालवले, त्यांनी कृपया लिहावे. सभांमधले अनुभव नकोत, स्वयंपाकघरातले आणि दारातले हवेत.

शनिवारची उपासना

आमची आठ वर्षे नेपाळमध्ये गेली. तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असे, त्यामुळे मंडळीची, म्हणजे तिथल्या चर्चची, उपासनाही शनिवारीच होई. आम्ही दाराबाहेर चपला काढून सतरंजीवर बसत असू आणि रविवारी मुले शाळेत जात.

माझे पती अभियंता होते. ज्या करारावर आम्हाला राहण्याची परवानगी मिळाली होती, त्यात धर्मप्रचार करणार नाही असे लिहून द्यावे लागले होते. धाकटीने एकदा विचारले, “बाबा मिशनरी आहेत, तर ते कुणाला काही सांगत का नाहीत?” त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी कामावर नेले आणि संध्याकाळपर्यंत सोबत ठेवले. उत्तर म्हणून त्यांनी तेवढेच केले.

सर्वांत अवघड दिवस दसैंचा, म्हणजे नेपाळी दसऱ्याचा. शेजारच्या वृद्ध आमै (आजी) कपाळावर लावायचा टीका आणि जमरा (जवाचे कोवळे अंकुर) घेऊन आमच्या मुलांना आशीर्वाद द्यायला आल्या, आणि मी हात जोडून नको म्हटले. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांच्या प्रेमाला नाही म्हणण्याची माझी इच्छा नव्हती. परंतु आमच्या मंडळीतल्या कितीतरी जणांना हाच टीका नाकारल्यामुळे स्वतःच्या भावंडांनी घराबाहेर ठेवले होते, आणि परदेशी असल्याच्या सोयीने मी तो लावून घेतला असता तर त्यांनी सोसलेले हलके ठरले असते. पुढच्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मी मुलांना घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेले आणि नुसता हात डोक्यावर ठेवा म्हणून विनवले. त्यांनी ठेवला, पण पूर्वीसारखे येणे-जाणे व्हायला आणखी दोन वर्षे लागली.

पाणवठा

दूध गॅसवर आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. पेटीवरचा आकडा वाचून हात थांबला. माझा ४१ होता आणि दोरा निळा. रात्री पुन्हा येईन.

वांटोक

पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा आहेत. त्यांपैकी एकीत बायबलचे भाषांतर करण्यासाठी आम्ही एका डोंगरी गावात राहत होतो. लोक कामाबद्दल विचारतात. माझ्या मनावर मात्र दर तीन महिन्यांनी पाठवायच्या प्रार्थनापत्राचे ओझे राहिले. ज्यांच्या देणगीवर आमचे घर चालत होते त्यांना काय कळवायचे? एका तिमाहीत मुलाला दोनदा मलेरिया झाला, शौचालयाचा खड्डा पावसाने भरला आणि मार्काच्या शुभवर्तमानातला अर्धा अध्याय गावकऱ्यांनी वाचून परत केला, कारण तो त्यांच्या तोंडी बसत नव्हता. मी मोघम, उजळ पत्र लिहिले. पत्नीने ते फाडले आणि जे घडले तेच लिहायला लावले.

त्या काळात आम्ही ब्रह्मदेशात गेलेल्या जडसन या अमेरिकन मिशनरी दांपत्याविषयी वारंवार बोलत असू. ते १८१३ मध्ये रंगूनला पोहोचले, तिथे त्यांचे तान्हे बाळ दगावले, आणि तिथल्या माणसाचा पहिला बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षाविधी) त्यांना १८१९ मध्ये पाहता आला. मधल्या सहा वर्षांत त्यांच्या घरी रोजची चूल कशी पेटत असेल, याचा विचार माझी पत्नी करीत असे.

तिन्हीसांज

उत्तरवारा, तुमच्या प्रश्नावरून एरिक लिडेल आठवले. बहुतेक जण त्यांना १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमुळे ओळखतात, कारण रविवारच्या फेरीमुळे त्यांनी १०० मीटरची शर्यत सोडली आणि ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले. मला त्यांचे घर आठवते. चीनमधील तिआनजिन येथे मिशनरी घरात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच थोरल्या भावासह इंग्लंडमधील निवासी शाळेत राहिला. पुढे ते स्वतः चीनमध्ये मिशनरी झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी गरोदर पत्नीला व दोन मुलींना कॅनडाला पाठवले. तिसऱ्या मुलीला त्यांनी कधीच पाहिले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये, जपान्यांनी परदेशी नागरिकांना डांबून ठेवलेल्या चीनमधील वेइश्येनच्या छावणीत ते वारले. त्याच छावणीत चीनमधल्याच शेफू या गावच्या मिशनरी शाळेतली, आईवडिलांपासून वर्षानुवर्षे तुटलेली मुले होती आणि लिडेल त्यांना शिकवत, त्यांचे खेळ घेत. सोडून जाणे आणि राखणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या वाट्याला येतात, हे मला त्यांच्याकडे पाहून कळले.

उत्तरवारा

तिन्हीसांज, हे मी आईला फोनवर वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “पेटी फेकू नकोस.” पाणवठा, आमच्या मुलांच्या वसतिगृहात आकडे चाळीसला संपत, म्हणून ४१ मुलींकडचा असावा. आपण डोंगरावरच्या त्याच शाळेत होता का?

पाणवठा

होय, खालच्या वसतिगृहात. वारा सुटला की पत्र्याचा आवाज येई तिथे.