गाणारे-वाजवणारे आणि चित्रकार: एकमेकांसाठी काम करतानाचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. मी स्वतःची गाणी करते, म्हणजे लिहायची मीच, चाल मीच लावायची आणि घरातच भिंतीला गाद्या टेकवून रेकॉर्ड करायची. मागे कुठली कंपनी नाही. गेल्या आठवड्यात नव्या गाण्याच्या कव्हरसाठी एका मैत्रिणीने चित्र काढून दिलं, चार वेळा बदलून दिलं, आणि किती देऊ विचारलं तर म्हणाली, अगं राहू दे. मला ते फार लागलं, कारण दोन महिन्यांपूर्वी तिच्या प्रदर्शनात मी दीड तास गायले तेव्हा मीही राहू देच म्हटलं होतं. तिला रंग विकत आणावे लागतात, मला वाद्याच्या तारा. दोघी राहू दे म्हणत बसलो तर हे किती दिवस चालणार? आपल्या वर्तुळात तेच तेच वीस-पंचवीस लोक असतात, आज जो पोस्टर करतो तोच उद्या समोर टाळ्या वाजवायला असतो, म्हणून पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही. तुमचं काय झालं, कुठे फिसकटलं, कुठे जमलं, सगळं लिहा. बिनधास्त मोठं लिहा.

*

मी चित्रकार, कव्हरं आणि पोस्टरं बरीच केलीत. एका ओळखीच्या बँडने माझं आधीच काढलेलं चित्र कव्हरला घेतलं, एकरकमी पैसे दिले, विषय संपला असं मला वाटलं. सहा महिन्यांनी त्यांच्या कार्यक्रमाला गेले तर टेबलावर माझ्याच चित्राचे टीशर्ट, मग, स्टिकर. कोणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही, त्यांना खरंच वाटत होतं की चित्र विकत घेतलं म्हणजे ते सगळंच आपलं झालं. तसं नसतं. आपण स्वतंत्रपणे काढलेल्या चित्राचा कॉपीराइट काढल्याक्षणी आपला होतो, त्याला नोंदणी लागत नाही. १८८६ सालच्या बर्न करारात आज जगातले बहुतेक देश आहेत आणि त्यात हेच आहे. मूळ कॅनव्हास विकला तरी छापायचा हक्क आपोआप जात नाही. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं तेव्हा गिटारवाला म्हणाला, अगं म्हणजे आमच्या गाण्यासारखंच की, आम्ही सीडी विकतो तेव्हा गाणं थोडीच विकतो! त्यानंतर फार बोलावंच लागलं नाही.

आता मी अर्धं पान लिहून घेते, मैत्रीत सुद्धा. कव्हर आणि पोस्टर याच पैशात, टीशर्ट वगैरे छापले तर ठरलेला वाटा, नाव कुठे येणार, आणि बदल दोनच वेळा. ते दोनच वेळा सगळ्यात महत्त्वाचं आहे, ताई, तुमच्या मैत्रिणीने चार वेळा बदलून दिलं ते वाचून माझा जीव तुटला. अजून एक, स्ट्रीमिंगला ३००० बाय ३००० पिक्सेल पुरतात, पण उद्या १२ इंची रेकॉर्ड काढायची ठरली तर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, निदान ३६०० लागतात, वर कडेने ३ मिमी कापायला सोडायची, म्हणून पहिल्यापासून मोठं काढा. आणि स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा छापून आला की मळतो, कारण स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि छपाई शाईने. छापायच्या आधी प्रूफ, म्हणजे नमुना छापून, दाखवा, नाहीतर ऐकून घ्यावं लागतं की तू रंग बदललास.

*

ड्रम वाजवतो. आमच्या एका कार्यक्रमात स्टेजवर लाइव्ह चित्र काढायचं ठरलं. चित्रकार मुलगी, ईझल, म्हणजे चित्र ठेवायची तिकाटी, माझ्या डाव्या हाताला, पायाने वाजवायच्या किक ड्रमपासून चार फुटांवर. पहिल्याच गाण्यात फळ्यांतून हादरे जाऊन ईझल चालायला लागलं, अक्षरशः बोटबोट पुढे सरकत होतं, आणि ती एका हाताने ते धरून दुसऱ्या हाताने रंगवत होती. वरून लाइटचा ताप, ॲक्रिलिक मुळातच लवकर वाळतं, तिथे तर पॅलेटवरच साय धरायला लागली. तिने पाण्याचा स्प्रे मारला, तुषार उडाले बास गिटारवाल्याच्या पेडलबोर्डवर, म्हणजे पायाने दाबायच्या विजेच्या पेट्यांवर, आणि बास बंद. दोन गाणी बासशिवाय काढली. घरी जाताना डोक्यात एकच, की आम्ही तासभर साउंडचेक केला आणि तिला एका शब्दाने विचारलं नाही की तुला काय लागतं. पुढच्या वेळी ईझलच्या पायांखाली रबरी मॅट, पाय पट्ट्याने बांधलेले, रंगात वाळणं लांबवणारं रिटार्डर, आणि साउंडचेकला ती आमच्यासोबत हजर.

पैशाचं सांगतो. आयोजकाने बँडला मानधन दिलं आणि तिला सजावटीच्या खर्चात धरलं होतं. आम्ही चौघे आहोत, तेव्हापासून जिथे ती असते तिथे पाच भाग करतो. चित्र कोणाचं हेही आधीच बोलतो, ते तिचंच, कारण त्या रात्री आयोजक ते ओलं चित्र उचलून गाडीत घालत होता आणि ती बाजूला गप्प उभी होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही याचं अजून वाईट वाटतं.

*

वरच्या दादांना अनुमोदन. मी कार्यक्रमांना मागच्या पडद्यावर व्हिज्युअल्स चालवतो, आमचीही तीच गत, प्रोजेक्टर भिंतीला कुठे लागणार हे शेवटच्या दहा मिनिटांत ठरतं. एक कामाची गोष्ट. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मी ३४ मीटर मागे बसलो आणि तिथल्या माइकमध्ये येणाऱ्या आवाजावर चित्रं चालवली तर तालाच्या एक दशांश सेकंद मागे पडतो, आणि तेवढं डोळ्याला दिसतं. मिक्सरमधून सरळ एक लाइन द्या म्हणून साउंडवाल्याशी आधी बोला. ते देतात, आपण मागत नाही.

*

स्ट्रीमिंगच्या वाट्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कव्हरच्या बदल्यात गाण्याच्या स्ट्रीमिंगमधले दहा टक्के, अशी ऑफर मला तीनदा आली आणि पहिल्या वेळी मी हरखून हो म्हटलं. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा आहे की मागच्या १२ महिन्यांत ज्या गाण्याला १००० स्ट्रीम होत नाहीत त्याची रॉयल्टी मिळत नाही. नव्या माणसाचं गाणं बरेचदा त्याच्या खालीच राहतं, मग दहा टक्के कशाचे? देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याच्याकडेही दुसरं काही नसतं. त्यापेक्षा मी आता सरळ सांगते की माझ्या चित्रांच्या व्हिडिओला दोन मिनिटांचं संगीत करून दे. ते हातात येतं, वापरता येतं, आणि त्यालाही कळतं की चित्राला किती दिवस लागले असतील.

*

बासरी वाजवतो. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला वाजवायला जाणाऱ्यांसाठी: आधी एकदा त्या खोलीत जाऊन टाळी वाजवून बघा. कोऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, काचा, आवाज नुसता घुमतो, त्यात साठ माणसं बोलायला लागली की सूर सापडत नाही. मी सुरुवातीला मोठ्याने फुंकायचो, लोक त्याहून मोठ्याने बोलायचे. आता कोपऱ्यात न बसता एकेका चित्रासमोर उभा राहून पाच-पाच मिनिटं वाजवतो. लोक आपसूक त्या चित्रापाशी येतात आणि गप्प होतात. ज्यांचं प्रदर्शन होतं त्या बाई म्हणाल्या की एरवी त्या कोपऱ्यातल्या छोट्या चित्राकडे कोणी फिरकत नाही.

*

मी रंगवतो आणि शिकवतो. पोरांना नेहमी हे सांगतो. चित्रकार कांडिन्स्की जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला संगीतकार शोनबर्गचं संगीत ऐकून आला, त्याने त्यावर चित्र काढलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला त्याच्या पुढचं आवडतं. दोघांची ओळख नव्हती, तरी त्याने शोनबर्गला स्वतःहून पत्र लिहिलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कांडिन्स्कीच्या ब्लाउ रायटर या चित्रकारांच्या गटाचं पहिलं प्रदर्शन भरलं त्यात संगीतकार शोनबर्गची चित्रं भिंतीवर होती. म्हणून म्हणतो, कोणाचं काम आवडलं तर त्याच दिवशी कळवा. मी एका मुलीचं गाणं ऐकून दोन ओळी पाठवल्या होत्या, आता तिच्या रियाझाला वही घेऊन बसतो. ती अडलेली जागा वीसदा घोटते, आणि माझी रेघ त्या घोटण्यातून येते, तयार गाणं ऐकून ती येत नाही.

*

धागा काढणारी. सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. काल मैत्रिणीला फोन केला आणि म्हटलं, तुझं बिल पाठव, जास्तीचे दोन बदल धरून, मग मी माझं पाठवते. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, तुझ्या दीड तासाचं पण लावशील ना, मला तेव्हापासून खुपतंय. आज सकाळी तिचं बिल आलं. त्यात चित्राची रक्कम, बदलांची वेगळी ओळ, आणि खाली लिहिलंय की टीशर्ट काढायचे झाले तर आधी बोलूया. माझं बिल मी आता लिहायला बसलेय, ज्यांनी ज्यांनी असं बिल केलंय त्यांनी गाण्याच्या वेळेसोबत रियाझाचा वेळ धरता का ते सांगा.