मदत हवी आहे: वावरात फोटो काढला की ॲप बंद पडतं, फोनचा लॉग (फोन आत काय करतो त्याची आपोआप होणारी नोंद) कसा पाहायचा?

फोन ॲन्ड्रॉइड ११, रॅम २ जीबी. पऱ्हाटीचा (कपाशीचा) फोटो घ्यायला पिकाची माहिती भरायच्या ॲपमधून कॅमेरा उघडतो. फोटो काढून ‘ओके’ केलं की ॲप पुन्हा पहिल्या पानावर. गट नंबरासकट भरलेलं सारं जातं. दुकानदार फॉरमॅट मारा म्हणतो, पण आधी कारण पाहायचं आहे. गावात लॅपटॉप नाही, वावरात नेट नाही. लॉग दाखवणारं एक ॲप टाकलं, त्यात त्याच्या स्वतःच्याच ओळी दिसतात.

प्रतिसाद १
भाऊ, फॉरमॅट नका मारू. ॲन्ड्रॉइड ४.१ पासून एका ॲपला दुसऱ्याचा लॉग वाचू देत नाहीत, म्हणून तसं दिसतं.

सेटिंग्ज, अबाउट फोन, बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथं ‘लॉगर बफर साइज’ ४ एमबी करा. लॉगची जागा ठरावीक असते. भरली की जुन्या ओळी पुसून नव्या येतात. म्हणून घरी येईपर्यंत थांबू नका. ॲप बंद पडलं की धुऱ्यावरच डेव्हलपर ऑप्शन्समधून ‘बग रिपोर्ट’, मग ‘फुल रिपोर्ट’ घ्या. त्यात लॉगसकट फोनच्या नोंदी एका झिप फाईलमध्ये येतात. नेट लागत नाही, काही मिनिटं लागतात. तोवर फोन रिस्टार्ट करू नका, लॉग रॅममध्येच असतो.

झिपमधली ‘बगरिपोर्ट’ नावानं सुरू होणारी टेक्स्ट फाईल मोठ्या फाईली झेपणाऱ्या एडिटरमध्ये उघडा. फोटोची वेळ गाठून इंग्रजीत शोधा: ‘फॅटल एक्सेप्शन’ असेल तर चूक ॲपच्या कोडमध्ये, खालची ‘कॉज्ड बाय’ ओळ महत्त्वाची. ‘लोमेमरीकिलर’ (सलग एक शब्द) पुढे ॲपचं नाव असेल तर रॅम कमी पडली.

प्रतिसाद २
डेव्हलपर ऑप्शन्समध्येच ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ (ॲपच्या पानावरून बाहेर पडलं की ते पान लगेच बंद करणारी सेटिंग) चालू नाही ना, ते पाहा. चालू असेल तरी असंच होतं. आणि ती झिप गावच्या ग्रुपवर टाकू नका. तिच्यात ईमेल, वायफायची नावं, कधी लोकेशनही असतं.

धागाकर्ता
ते बंदच आहे. फॅटल काही नाही, लोमेमरीकिलरच्या ओळीत ॲपचं नाव सापडलं.

प्रतिसाद १
मग कॅमेऱ्याला जागा करायला फोननं मागचं ॲप मारलं. फॉरमॅटनं रॅम वाढत नाही. फोटोआधी बाकी ॲप बंद करा, कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन कमी ठेवा. पक्का इलाज ॲपवाल्यांकडेच: कॅमेरा उघडण्याआधी भरलेली माहिती साठवायला हवी. त्यांना ती ओळ वेळेसकट पाठवा, पूर्ण झिप नको.