१९५२ ते १९९६, या ४४ वर्षांसमोर चार्टवर काय लिहू?

चार्टवाल्या_बाई
नमस्कार मंडळी. १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन, म्हणजे खाशाबा जाधवांचा वाढदिवस, त्यासाठी सहावी-सातवीच्या मुलांकडून भारत आणि ऑलिंपिक असा भिंतभर चार्ट करून घेतेय. एक लांब रेघ मारायची, वर्षं लिहायची आणि प्रत्येक वैयक्तिक पदकाला एक टिकली चिकटवायची, एवढंच. १९०० ला पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यं, मग १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा, आणि त्यानंतर टिकली थेट १९९६ ला, अटलांटात लिएंडर पेस. २००० पासून मात्र दर ऑलिंपिकला काही ना काही आहे. काल एका मुलीने त्या कोऱ्या जागेवर हात ठेवून विचारलं, "बाई, इथे आपण गेलोच नव्हतो का?" गेलो होतो गं, म्हटलं, पण पुढे मला काही नीट सांगताच आलं नाही. दीड हात कागद मोकळा आहे, तिथे काय लिहू? आणि पदकं का नाही आली हे अकरा-बारा वर्षांच्या पोरांना कळेल असं कसं सांगू?

लेफ्ट_आऊट
ताई, तुम्ही फक्त वैयक्तिक पदकं घेतलीत म्हणून ती जागा कोरी दिसतेय. वेगळ्या रंगाची टिकली घ्या आणि हॉकी लावा, ५२ आणि ५६ ला सुवर्ण, ६० ला रोममध्ये फायनलला पाकिस्तानकडून हरलो ते रौप्य, ६४ ला टोकियोत परत सुवर्ण, ६८ आणि ७२ ला कांस्य, ८० ला मॉस्कोत सुवर्ण. बघा किती भरली.
७६ ला मात्र टिकली नाही, आणि मला विचाराल तर मुलांना तेच वर्ष नीट समजावून सांगा. माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो, १९२८ पासून पहिल्यांदाच पदकाशिवाय परतलो. गवतावर बॉल उसळतो, वळतो, तिथे मनगटाची कला चालते, टर्फवर बॉल सरळ आणि सुसाट जातो, तिथे पळण्याचा दम आणि जोरदार फटका लागतो. आपली पोरं गवतावर आणि मातीच्या ग्राउंडवर शिकलेली, टर्फ बघायला तरी कुठे मिळत होतं. मॉस्कोला बऱ्याच बलाढ्य टीम बहिष्कारामुळे आल्या नव्हत्या हेही लपवू नका, पण फायनलला स्पेनला ४-३ हरवलं ते खरंच आहे.

लाल_माती
वर टर्फचं म्हटलंय तेच कुस्तीत मॅटचं. बाई, मी स्वतः तालमीत वाढलोय. हौद्यातली माती म्हणजे नुसती माती नसते, त्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मुरवतात, पाय टाकला की घोट्यापर्यंत मऊ लागते आणि वास दिवसभर अंगाला राहतो. तिथे पाठ लागली की कुस्ती संपली, चितपट, नाहीतर खेळत राहायचं. मॅटवर मात्र बूट घालून उतरायचं, वेळ ठरलेली, आणि गुणांवर निकाल लागतो. मी पहिल्यांदा मॅटवर उतरलो तेव्हा मातीतली सवय म्हणून समोरच्याला दमवायला बघत होतो आणि तोवर त्याचे गुण झाले पण होते, ती हार मला अजून आठवते.
खाशाबांचं मोठेपण इथेच आहे. १९४८ ला लंडनला ते फ्लायवेटमध्ये सहावे आले, मॅट आणि तिथले नियम नवे, पण जे पाहिलं ते डोक्यात ठेवलं, घरी येऊन चार वर्षं घासलं आणि वरच्या वजनात, बँटमवेटमध्ये कांस्य आणलं. आमच्यासारख्यांच्या तालमी मातीच्याच राहिल्या. त्याच हेलसिंकीत केशव माणगावे चौथे आले होते, हे नाव चार्टवर पाहिजेच. आणि त्याच्याही मागे जा, १९२० ला अँटवर्पला रणधीर शिंदे कुस्तीत चौथे. दोराबजी टाटांनी पुढाकार घेऊन पाठवलेली ती पहिली टीम, मॅरेथॉनला बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, ते एकोणिसावे आले.

शंभरावा_भाग
चौथ्या नंबरचीच एक वेगळी टिकली करा ना बाई, पोकळ गोल काढा. ५६ मेलबर्न, फुटबॉल, नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली आणि आपण चौथे. ६० रोम, ४०० मीटर, मिल्खा सिंग चौथे. ८४ लॉस एंजेलिस, पी. टी. उषा, ४०० मीटर हर्डल्स. उषाची स्टार्ट मस्त बसली होती पण दुसऱ्या एका खेळाडूचा फॉल्स स्टार्ट झाला आणि सगळ्यांना परत मागे बोलावलं, दुसऱ्यांदा तशी स्टार्ट मिळाली नाही. शेवटी रेषेवर तिसरी आलेली रुमानियाची कोजोकारू ५५.४१ सेकंद आणि उषा ५५.४२. मुलांना स्टॉपवॉच देऊन सेकंदाचा शंभरावा भाग पकडायला सांगा, बटण दाबून सोडेपर्यंत त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

ईएमई_निवृत्त
सगळ्यांचं वाचलं, एक मोठं राहिलं. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, आमच्याच ईएमईचे, म्हणजे लष्कराच्या यांत्रिकी शाखेचे जवान, आधी बॉक्सर. ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचारात पोहायला सुरुवात केली आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण, तेही जागतिक विक्रमासह. वैयक्तिक सुवर्ण, बाई, तुमच्या त्या कोऱ्या जागेच्या बरोबर मध्ये. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. ८४ च्या पॅरालिंपिकमध्ये भीमराव केसरकरांनी भालाफेकीत रौप्य आणलं आणि जोगिंदर सिंग बेदींनी तीन पदकं. आम्ही लोकच यांना मोजायचं विसरतो याचं फार वाईट वाटतं.

चार्टवाल्या_बाई
काका, पेटकरांचं नाव मला माहीत होतं पण रेघेवर ठेवायचं सुचलंच नाही, पॅरालिंपिक वेगळं म्हणून मीच बाजूला टाकलं होतं. आज मुलांना सगळं वाचून दाखवलं. ७२ समोरची सोनेरी टिकली त्याच मुलीने लावली, चौथ्या नंबरचे पोकळ गोल दुसऱ्या तुकडीने काढले, आणि आता कागद कमी पडतोय म्हणून खाली आणखी एक जोडतोय, कारण एकाने लगेच विचारलं की मग एशियाडचं काय. ५१ ची दिल्ली आणि ८६ ला सोलमधली उषाची चार सुवर्णं मला माहितीयत, मधलं कुणी सांगाल का?